दंड भरून सुटलेला ड्रायव्हर

महाडमध्ये तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर



मी वकील नाही, हे आधीच सांगतो. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. गाव पोलादपूर तालुक्यात. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते अर्धं कामातून शिकलेलं आहे आणि अर्धं घरातून.

विषय ड्रायव्हरकीचा आहे. आपल्यापैकी किती जणांच्या घरी कुणीतरी प्रवासी गाडी चालवतं, असं विचारलं तर निम्मे हात तरी वर जातील. वीर स्टेशनवर रात्रीच्या गाडीची वाट बघणारी रिक्षा, पोलादपूरहून महाबळेश्वरला पर्यटक नेणारी इको, एमआयडीसीच्या कामगारांची बस, शाळेची व्हॅन, मुंबई-पुण्यात ॲपवर चालणारी टॅक्सी. शिक्षण अर्धवट राहिलं, आखाताचा व्हिसा आला नाही, कंत्राटी नोकरी सुटली, की आपला मुलगा स्टेअरिंगकडे वळतो. तो शेवटचा दरवाजा असतो. म्हणून त्या दरवाज्यावर कोणती पाटी लावलीय, हे आपल्याला वाचता यायला हवं.

प्रश्न असा: ज्याच्या नावावर गुन्हा आहे त्याने प्रवासी गाडी चालवावी का? उत्तर देण्याआधी दोन माणसांबद्दल सांगतो.

पहिला माझा मावसभाऊ. २०१७ मध्ये तो बावीस वर्षांचा होता, भाड्याची इको चालवायचा. नातेखिंडीजवळ वळणावर एका मोटारसायकलला गाडी लागली, चालवणाऱ्याच्या पायाला इजा झाली. भावानेच त्याला दवाखान्यात नेलं. गुन्हा दाखल झाला: भारतीय दंड संहितेचं कलम २७९, बेदरकारपणे वाहन चालवणं, आणि ३३७, त्यातून दुखापत. मग तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला दिवसाचं भाडं बुडायचं, वर वकिलाचा खर्च. २०१८ मध्ये कोर्टाच्या आवारात कुणीतरी सल्ला दिला, "कशाला फेऱ्या मारतोस? गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील." भावाने कबूल केलं. दंड भरला. घरी आला तेव्हा खालाने शिरा केला होता. पोरगा सुटला म्हणून.

२०२२ मध्ये तो पुण्याला माझ्याकडे आला आणि एका ॲप कंपनीत टॅक्सीसाठी अर्ज केला. पोलीस पडताळणी झाली, अर्ज बाद. कारण एका ओळीत: गुन्हेगारी नोंद आढळली. भाऊ मला म्हणाला, "भाई, मी तर सुटलो होतो ना?"

तो सुटला नव्हता. तो दोषी ठरला होता. आपल्याकडे 'दंड भरून सुटला' असं म्हणतात. कायद्याच्या भाषेत त्याला दोषसिद्धी म्हणतात. वाहतूक पोलिसाचं चलान तडजोडीने भरणं वेगळं, त्याने प्रकरण तिथेच मिटतं. पण न्यायाधीशासमोर 'गुन्हा कबूल' म्हणणं म्हणजे नावापुढे निकाल लागणं. आणि दंडाधिकाऱ्यासमोर स्वतः कबुली दिली की आपण निर्दोष आहोत असं म्हणत अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यापुरतंच अपील उरतं. ही गोष्ट माझ्या भावाला त्या दिवशी कुणीही सांगितली नाही.

दुसऱ्या माणसाचं गाव सांगणार नाही. तो कॉलेजच्या मुलींना ने-आण करायचा. एका मुलीशी तो गाडीत जे वागला ते तिने घरी येऊन सांगितलं. मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी बसली. मुलीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, आपलाच माणूस आहे, पोलिसांत गेलं तर पेपरात येईल, असं ठरलं. त्याने माफी मागितली, त्या रस्त्यावरची गाडी बंद केली. प्रकरण मिटलं. मी त्या दिवशी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत काय चाललंय ते मला माहीत होतं. मी उठून आत गेलो नाही.

तो माणूस आजही प्रवासी गाडी चालवतो, दुसऱ्या गावात. त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र कोरं आहे. माझ्या भावाचं नाही.

आजचं सगळं बोलणं या दोन प्रमाणपत्रांबद्दल आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. प्रवासी वाहन चालवायला नुसतं लायसन्स पुरत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं, की हलक्या मोटारीचं लायसन्स असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. लायसन्सची अट अशी सैल झाली. पण रिक्षा-टॅक्सीचा बिल्ला, ज्याला आपण बॅच म्हणतो, तो काढायचा तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी आलीच. म्हणजे चाळणी आता लायसन्सपेक्षा चारित्र्याची आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १९ मध्ये लायसन्स रद्द करायची कारणं दिलीत. सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा असणं, अमली पदार्थांच्या आहारी जाणं, दखलपात्र गुन्हा करायला मोटार वापरणं, आधीच्या चालवण्यावरून लोकांच्या जिवाला धोका दिसणं, फसवणुकीने लायसन्स मिळवणं. 'दखलपात्र' म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. यातलं मोटार वापरण्याचं कारण आपल्या हायवेवरच्या पोरांनी नीट ऐकावं. गोव्याची दारू, गुटख्याची पोती, कायद्याने बंदी असलेली जनावरांची वाहतूक, दुसऱ्याचं बंद पार्सल. "मला काय माहीत आत काय होतं" हे वाक्य नंतर फार महागात पडतं.

पण त्याच कलमात अधिकाऱ्यालाही बांधून घातलंय. तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात, आणि आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पेणच्या परिवहन कार्यालयातून नोटीस आली की घाबरून ती कपाटात ठेवतात. तिला उत्तर द्यायचं असतं.

ॲप टॅक्सीसाठी केंद्र सरकारने २७ नोव्हेंबर २०२० ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात लिहिलं होतं की गेल्या सात वर्षांत दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवल्याबद्दल, किंवा कोणत्याही दखलपात्र गुन्ह्यात दोषी ठरलेला ड्रायव्हर घेऊ नये. फसवणूक, लैंगिक गुन्हे, चोरी, हिंसा, दहशतवाद अशी उदाहरणंही दिली होती. २०२५ मध्ये ही तत्त्वं नव्याने आली, राज्यंही आपापले नियम करतात. म्हणून ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेला नियम वाचा.

ही कडक अट उगाच आली नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. ड्रायव्हरवर आधीही गुन्हे नोंदले गेले होते, आणि त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र बनावट निघालं. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. आपल्या बहिणी रात्री स्टेशनवरून ज्या गाडीत बसतात तिच्या ड्रायव्हरची तपासणी व्हायलाच हवी. यात मला कसलीही सूट नको आहे.

मला अडचण वाटते ती त्या 'कोणत्याही' शब्दाची. कलम २७९ दखलपात्र आहे. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम २८१ आहे, शिक्षा तीच. म्हणजे वळणावर गाडी घासलेला माझा भाऊ आणि दरोडा घालणारा माणूस, दोघांना सात वर्षं. आणि याहून विचित्र असं की ज्याच्यावर गंभीर आरोप आहे पण खटला दहा वर्षं रेंगाळलाय, तो 'दोषी' नसल्यामुळे लेखी नियमात बसतो. पहिल्याच वर्षी कबुली देणारा बाद होतो.

मग कंपन्या काय करतात? त्या दोषसिद्धी बघत बसत नाहीत, नुसती नोंद बघतात. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तसा एक फॉर्म मी स्वतः लिहिला. २०२१ मध्ये, भावाने अर्ज केला त्याहून वेगळ्या कंपनीसाठी. ड्रायव्हर नोंदणीत एक रकाना होता: 'गुन्हेगारी नोंद: होय / नाही'. 'होय' आलं की अर्ज आपोआप बाद. दहा मिनिटांचं काम होतं. आरोप आणि निकाल यात फरक करायचा का, निर्दोष सुटलेल्याचं काय, निकाल किती जुना, हे मी विचारलं नाही. मला कुणी विचारायला मनाई केली नव्हती. सुचलंच नाही. वर्षभराने भाऊ समोर बसला तेव्हा सुचलं. माझा रकाना नीट असता तरी सात वर्षांच्या नियमात तो अडकलाच असता, हे खरं. पण त्या रकान्यात निर्दोष सुटलेले किती जण बाद झाले असतील, याचा हिशोब माझ्याकडे नाही, आणि तो मला टोचतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त लागतं. मोर्चात गेला, जमावबंदीचा गुन्हा. दोन गटांत बाचाबाची झाली, वीस नावांत एक नाव. वर्षानुवर्षं आरोपपत्र नाही, निकाल नाही, पण गाडीचा मालक म्हणतो, "तुझ्यावर केस आहे म्हणे." आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे कंपनीला सांगायचं, मालकाला सांगायचं, आणि आपल्या मोहल्ल्यालाही सांगायचं.

दुसऱ्या देशात काय करतात, तेही बघा. इंग्लंडमध्ये जुलै २०२० मध्ये सरकारने टॅक्सी परवान्यांसाठी निकष काढले. तिथे मुदत गुन्ह्याप्रमाणे बदलते. लैंगिक गुन्हा किंवा कुणाचा जीव गेलेला गुन्हा असेल तर परवाना नाही. हिंसेनंतर किमान दहा वर्षं, अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यानंतर सात, आणि ही वर्षं शिक्षा पूर्ण झाल्यापासून मोजायची. शिवाय प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर बघायचा. या निकषांमागे रॉदरहॅमसारख्या शहरांचा कटू अनुभव होता. तिथल्या मुलींच्या शोषणावरच्या २०१४ च्या अहवालात टॅक्सीचालकांचा उल्लेख ठळक होता. अनेक आरोपी आपल्याच उपखंडातून गेलेल्या समाजातले होते, आणि वेळीच न बोलल्याची किंमत आधी मुलींनी आणि मग त्या समाजातल्या हजारो सरळ ड्रायव्हरांनी मोजली. 'आपला माणूस' म्हणून झाकलेलं शेवटी आपल्याच अंगावर येतं.

आता भारतातल्या कायद्यात दुसऱ्या संधीची जी दारं आहेत ती सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असतात.

पहिलं, परिवीक्षा कायदा, १९५८ चा. पहिल्यांदा चूक झालेल्या माणसाला कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. वय एकवीसपेक्षा कमी असेल, तर जन्मठेपेचे गुन्हे सोडून, तुरुंगात का पाठवायचं याची कारणं कोर्टाला नोंदवावी लागतात. आणि कलम १२ म्हणतं की असं सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे कायद्याने लागणारी अपात्रता लागू होणार नाही. डाग पुसला जात नाही, खासगी मालक तरीही नाही म्हणू शकतो. पण वाद घालायला हातात कायद्याचा कागद असतो. माझ्या भावासाठी हे कुणी मागितलंच नाही. इथे एक इशाराही देतो. २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेदरकार चालवून जीव घेतलेल्या ड्रायव्हरला हा लाभ देऊ नये, कारण धंदा म्हणून गाडी चालवणाऱ्याने क्षणभरही गाफील राहता कामा नये. आंबेनळी आणि कशेडी उतरणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, एकच जण वाचला. प्रवासी गाडी चालवणं म्हणजे काय, ते या दोन तालुक्यांना ठाऊक आहे.

दुसरं, बाल न्याय कायदा, २०१५. अठराच्या आत हातून गुन्हा घडला असेल, तर कलम २४ प्रमाणे त्याची अपात्रता लागत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा पूर्ण केलेल्या आणि बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या मुलांचा.

तिसरं, खरं बोलणं. २०११ मध्ये संदीप कुमार नावाच्या उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. दिल्ली पोलिसांच्या भरतीत त्याने जुनी केस आधी लपवली होती. त्या केसमध्ये तो समेटानंतर सुटला होता. तरुण वयातल्या चुकीचा शिक्का जन्मभर मारू नये, असं म्हणत न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि पावासाठी चोरी केलेल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला. पण त्या दयेवर विसंबू नका. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियम घालून दिला: माहिती खरी द्या, क्षुल्लक गोष्ट लपवल्यास माफी मिळू शकते, आणि खरं सांगितलं तरी नोकरी देणारा पूर्वेतिहासाचा विचार करू शकतो. हे खटले नोकरीचे आहेत, पण फॉर्म भरताना धडा तोच. लपवलेलं पोलीस पडताळणीत निघतंच, आणि मग गुन्ह्यापेक्षा खोटेपणा मोठा ठरतो.

आता करायचं काय?

केस झाली असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय 'गुन्हा कबूल' म्हणू नका. खरोखर चूक असेल तर कबूल करावी, आपला दीनही तेच शिकवतो. पण परिणाम समजून, आणि परिवीक्षेचा अर्ज सोबत देऊन. वकिलाला पैसे नसतील तर १९८७ च्या कायद्याने महिला, कोठडीतली माणसं, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या कुणालाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. सल्ला देणाऱ्या वाटसरूआधी तिच्याकडे जा. निर्दोष सुटलात तर निकालाची प्रमाणित प्रत काढा, लॅमिनेशन न करता जपून ठेवा, आणि पडताळणीच्या अर्जाला जोडा. दोषी ठरला असाल तर शिक्षेची तारीख लिहून ठेवा. मुदत संपते, पण ती कुणी आठवण करून देत नाही.

माझ्यासारखे जे संगणकावर काम करतात त्यांच्यासाठी वेगळं. तो एक रकाना मोडा. चार प्रश्न विचारा: आरोप की निकाल? कोणता गुन्हा? केव्हाचा? त्यानंतर काय? आणि अर्ज बाद झाला तर माणसाला बोलायला माणूस द्या.

आणि आपल्या सगळ्यांसाठी. मुलगी येऊन काही सांगते तेव्हा 'मिटवू' नका. तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. कोऱ्या प्रमाणपत्राच्या माणसाला कोरं ठेवण्यात आपला हात असेल, तर माझ्या भावासाठी न्याय मागायचा हक्क आपल्याला उरत नाही. मी त्या ओट्यावर बसून राहिलो होतो, म्हणून हे म्हणतोय.

आपण महाडात आहोत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हाच ते पाणी ओंजळीत आलं. त्या लढ्याची बरोबरी मी करत नाही. एवढंच म्हणतो की कागदावरचा हक्क तिथे जाऊन घ्यावा लागतो. परिवीक्षेचं कलम, मोफत वकील, तीस दिवसांचं अपील, सगळं कागदावर आहे. तिथे जाणारं कुणी नाही.

माझा भाऊ सध्या रात्री टेम्पो चालवतो. त्याच्या निकालाला सात वर्षं उलटून गेली. पुन्हा अर्ज कर म्हटलं तर म्हणतो, "राहू दे भाई." त्याला मनवायचं काम माझं आहे.

बोलणं संपलं की मी इथेच बसणार आहे. ज्यांच्या घरी तारखा चालू आहेत त्यांनी कागद दाखवा. मी वकील नाही, पण कागद वाचता येतो, आणि सोमवारी तुमच्यासोबत कोर्टात येऊन योग्य खिडकीपाशी उभं राहता येतं.